घरी बांधलेल्या विमानातील चार्जिंग आणि हेडसेटमधली शीळ : नव्याने वायरिंग करणाऱ्यांसाठी

घरी बांधलेल्या विमानाचा पत्रा, रिव्हेट आणि इंजिन यांवर बांधणारा वर्षानुवर्षे मेहनत घेतो; विजेचे काम मात्र पुष्कळदा शेवटच्या काही आठवड्यांत, विमान एकदाचे आकाशात जावे या ओढीने उरकले जाते. मग पहिल्यांदा इंजिन सुरू होते, हेडसेट कानाला लावला जातो आणि थ्रॉटल पुढे सरकेल तसतशी चढत जाणारी एक बारीक शीळ ऐकू येते. ही शीळ सोबत घेऊन उडायला हरकत नाही, असे अनेकांना वाटते. पण नियंत्रण मनोऱ्याची सूचना अर्धवट ऐकू येणे हा खरा धोका आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही शीळ बऱ्याचदा चार्जिंगच्या वाटेवरील एखाद्या सैल सांध्याची पहिली खूण असते. म्हणूनच चार्जिंग आणि आवाज हे दोन विषय मी येथे वेगळे ठेवलेले नाहीत.

हा छंद सर्वाधिक रुजला तो अमेरिकेत. विमानाची निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसाने स्वतः केलेली असेल, तर तेथे त्याची नोंद ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात होऊ शकते. आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात अनेकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळाले. मी अमेरिकेतील एका छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये मित्रांच्या विमानांचे वायरिंग करू लागतो, त्यामुळे पुढील उदाहरणे तिथली आहेत : एक इंजिन, दोन आसने, १२ व्होल्टची बॅटरी आणि १४ व्होल्टच्या आसपासचे चार्जिंग. इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळे काही सांगितले असेल, तर पुस्तिकेचेच ऐकावे.

सर्व पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बॅटरीच्या धन टोकातून निघालेला प्रत्येक अँपिअर ऋण टोकाला परत यावाच लागतो. जाण्याच्या वाटेचा विचार सगळे करतात. तिथे फ्यूज असतो, स्विच असतो, त्यावर नावाची पट्टी असते. परतीच्या वाटेचा विचार मात्र ‘जवळच्या पत्र्याला बोल्ट मारला’ इतक्यावर संपतो. चार्जिंग बिघडते ते येथे, आणि शीळ जन्माला येते तीही येथेच.

पायरी १ : आधी कागदावर हिशेब

एकही वायर कापण्यापूर्वी विमानातील प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेते, याचा तक्ता करावा. तीन रकाने पुरेत : नेहमीचे उड्डाण, रात्रीचे उतरणे, आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे वीज-जनित्र) बंद पडल्यानंतरचे उड्डाण. रेडिओच्या रकान्यात ऐकतानाचा आणि बोलतानाचा असे दोन आकडे लिहावेत, कारण बोलताना रेडिओ कितीतरी पट अधिक प्रवाह घेतो. मुख्य कॉन्टॅक्टरची (मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल स्वतः सुमारे एक अँपिअर खात राहते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. पिटो (हवेतील वेग मोजणारी नळी) तापवणारा हीटर ८ ते १० अँपिअर घेऊ शकतो. १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा उतरण्याचा दिवा १४ व्होल्टला ७ अँपिअरच्या वर जातो. तेवढ्या उजेडाचा एलईडी दिवा त्याच्या अर्ध्याहून कमी प्रवाहात भागतो.

आता हा हिशेब पुरवठ्याशी ताडून पाहावा. रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या पोटातील जनित्र सुमारे २५० वॉटचे आहे, म्हणजे पूर्ण फेऱ्यांना जेमतेम १८ अँपिअर. त्यात पिटो हीटर लावला की अर्धी शिदोरी तिथेच संपते. लायकोमिंगसारख्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा ४० किंवा ६० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला, तर ही तंगी राहत नाही. मात्र मोठा अल्टरनेटर म्हणजे पुरवठ्यातील बारीक चढउतारांची मोठी लहरही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा रकाना सर्वांत मोलाचा आहे. १६ अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरच्या भारावर कागदोपत्री ३ तासांहून थोडी अधिक चालते. पण वय आणि थंडी धरून मी दोन तासांहून अधिक कधीच धरत नाही. इंधन संपेपर्यंत बॅटरी पुरावी असे वाटत असेल, तर त्या रकान्यातून काय काय वगळायचे ते जमिनीवर बसूनच ठरवावे. रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र), एक डिस्प्ले अशी अत्यावश्यक उपकरणे वीज वाटणाऱ्या वेगळ्या पट्टीवर (बसवर) घेऊन, त्या पट्टीला मुख्य पट्टीकडून डायोडमार्गे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकामार्गे) आणि बॅटरीकडून स्वतंत्र स्विचमार्गे वीज देण्याची रचना जुनी आणि खात्रीची आहे. अल्टरनेटर गेल्यावर मुख्य कॉन्टॅक्टर बंद करता येतो, आणि तो खात असलेला अँपिअरही वाचतो.

पायरी २ : चार्जिंग कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे

घरी बांधलेल्या विमानांत प्रामुख्याने दोन प्रकार भेटतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला प्रकार कायम चुंबकाच्या जनित्राचा. रोटॅक्स ९१२ आणि ऑस्ट्रेलियाच्या जबिरू इंजिनांवर तो असतो. येथे चुंबकाची ताकद कमी-जास्त करता येत नाही, म्हणून रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारे यंत्र) आलेली वीज तुकड्या-तुकड्यांनी घेतो आणि बाहेर पडणारा प्रवाह बराच खडबडीत असतो. रोटॅक्सच्या पुस्तिकेत रेग्युलेटरच्या बाहेरच्या टोकाला २२,००० मायक्रोफॅराडचा, किमान २५ व्होल्टचा कपॅसिटर लावायला सांगितले आहे, तो त्यासाठीच. तो ऐच्छिक समजून गाळू नये. या रेग्युलेटरची दोन पथ्ये आहेत. एक म्हणजे त्याला उष्णता सोसत नाही. ८० अंश सेल्सियस ही त्याची मर्यादा आहे, म्हणून तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधील पडद्यावर) एक्झॉस्टपासून दूर आणि वाऱ्याच्या झोतात बसवावा. दुसरे म्हणजे त्याच्या ‘सी’ टोकाला बॅटरीचा खरा दाब (व्होल्टेज) कळला पाहिजे. ही वायर तीन स्विचांमधून आणि एका जुन्या ब्रेकरमधून फिरवून आणली आणि वाटेत ०.४ व्होल्ट गळाले, तर रेग्युलेटरला वाटते की बॅटरी भुकेली आहे, आणि तो बॅटरीला ०.४ व्होल्ट अधिक देत राहतो. बॅटरी उकळते, आणि दोष निर्दोष रेग्युलेटरवर जातो.

दुसरा प्रकार फील्ड कॉइलच्या (विजेने चुंबक बनणाऱ्या कॉइलच्या) अल्टरनेटरचा, म्हणजे मोटारीत असतो तसा. वेगळा रेग्युलेटर बसवलेला असेल, तर फील्डच्या वायरवर ५ अँपिअरचा ब्रेकर आणि अतिदाब ओळखणारे यंत्र बसवावे. दाब १६ व्होल्टच्या पुढे गेला की ते ब्रेकर पाडते आणि अल्टरनेटर बंद होतो. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच असेल, तर मात्र सावध राहावे. अशा यंत्रात आतला रेग्युलेटर निकामी झाला, तर बाहेरची नियंत्रण वायर तोडूनही अल्टरनेटर थांबेलच याची हमी नसते. त्याच्या मुख्य वायरवर स्वतंत्र कॉन्टॅक्टर असणे हाच उपाय.

या दुसऱ्या प्रकारात एक दुखणे वारंवार भेटते. अँपिअरचा काटा सतत थरथरतो आणि दिवे किंचित लुकलुकतात. बहुतेक जण नवा रेग्युलेटर आणतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण सापडते ते फील्डच्या वाटेवरील एखाद्या झिजलेल्या स्विचमध्ये किंवा सैल झालेल्या चपट्या जोडणीत. तेथील रोध थोडा वाढला की रेग्युलेटरला स्वतःच्याच फील्डचा प्रवाह बॅटरीच्या दाबातील चढउतार म्हणून दिसू लागतो, आणि तो स्वतःचाच पाठलाग करतो. त्यामुळे पैसे खर्चण्यापूर्वी त्या वाटेवरील प्रत्येक सांधा उघडून, पुसून, पुन्हा घट्ट करून पाहावा.

दोन्ही प्रकारांना लागू असलेला एक नियम : इंजिन चालू असताना बॅटरी कधीही मंडलातून तोडू नये. बॅटरी दाबाचे धक्के पोटात घेते. ती गेली की अल्टरनेटरचा दाब क्षणात ४० व्होल्टच्याही वर उसळू शकतो आणि पॅनेलवरील महागडी उपकरणे त्याची शिकार होतात. म्हणून मुख्य स्विच असा निवडावा की बॅटरी बंद झाली तर अल्टरनेटरही बंद होईलच. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वापरणाऱ्यांनी हे दुप्पट काळजीने वाचावे, कारण अशा काही बॅटऱ्यांतील संरक्षक मंडल स्वतःहून बॅटरी तोडू शकते. अतिदाबाचे संरक्षण तिथे अपरिहार्य आहे.

पायरी ३ : परतीची वाट बांधावी

येथे घाई करू नये. माझ्या मते संपूर्ण वायरिंगचा हा गाभा आहे.

फायरवॉलमधून एक पितळी बोल्ट आरपार घ्यावा. इंजिनाच्या बाजूला त्यावर बॅटरीची ऋण केबल आणि इंजिनाच्या केसिंगवरून आलेली तांब्याची विणलेली लवचिक पट्टी यावी. केबिनच्या बाजूला त्याच बोल्टवर चपट्या टोकांची एक पट्टी बसवून पॅनेलवरील प्रत्येक उपकरणाची ऋण वायर स्वतंत्रपणे तिथे आणावी. एका उपकरणाची ऋण वायर दुसऱ्यावरून पुढे नेऊ नये. विमान धातूचे असले तरी रेडिओ, इंटरकॉम (हेडसेट एकमेकांशी आणि रेडिओशी जोडणारे यंत्र) आणि इंजिनाचे सेन्सर यांची परत येणारी वाट पत्र्यातून नेऊ नये. पंखाच्या टोकावरील दिवे, पिटो हीटर असे रांगडे गडी पत्र्याला जोडले तरी चालतात, कारण त्यांना कान नसतात. फायबरग्लासच्या विमानात हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे प्रत्येकाची परतीची वायर ओढावीच लागते.

हे इतके का करायचे, ते एका साध्या गुणाकाराने पटते. समजा इंटरकॉमची ऋण वायर आणि बॅटरीकडे परतणारा चार्जिंगचा प्रवाह या दोघांनी पत्र्याचा एकच तुकडा आणि एकच गंजट बोल्ट वाटून घेतला आहे, आणि त्या वाटेचा रोध फक्त ५ मिलिओहम आहे. १० अँपिअरचा प्रवाह तिथून गेला की ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो स्थिर असता तर कोणाला कळलाही नसता. पण अल्टरनेटरचा प्रवाह तीन फेजचे तुकडे जोडून बनलेला असल्यामुळे त्याच्या माथ्यावर लहर असते, आणि तीच लहर मायक्रोफोनच्या क्षीण संदेशात मिसळून वर्धकातून मोठी होऊन कानात येते. लहरीच्या सुराची उंचीही काढता येते. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर इंजिनाच्या सुमारे तिप्पट वेगाने फिरत असेल, तर इंजिनाच्या २४०० फेऱ्यांना त्याच्या ७२०० फेऱ्या होतात, म्हणजे सेकंदाला १२०. सहा ध्रुवजोड्यांमुळे ७२० आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तनात सहा डायोडांचे सहा उंचवटे, म्हणजे ४३२० हर्ट्झ. आपल्याला ऐकू येणारी ती बारीक शीळ हीच. एखादा डायोड गेला की ७२० हर्ट्झच्या आसपास जाड भोंग्यासारखा सूर उमटतो. शीळ अचानक जाड झाली, तर रेडिओकडे न पाहता अल्टरनेटरकडे पाहावे.

धातूच्या पृष्ठभागांचे मिलन हा या पायरीचा दुसरा भाग. लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) जेथे बसणार तेथील रंग, प्रायमर आणि अ‍ॅनोडायझिंग बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा, गंजरोधक लेप लावावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळावा आणि मगच वरून रंगाचा हात द्यावा. रंगावर आवळलेला बोल्ट मीटरवर शून्य ओहम दाखवतो आणि पहिल्या पावसाळ्यात दगा देतो.

पायरी ४ : तारा, लग आणि कॉइलवरचा डायोड

घरगुती पीव्हीसीची वायर विमानात आणू नये; ती तापल्यावर केबिन विषारी धुराने भरते. टेफझेल आवरणाची, कल्हई केलेली विमानाची वायर वापरावी. सर्वसाधारणपणे २२ गेजच्या वायरला ५ अँपिअरचा, २० गेजला ७ अँपिअरचा आणि १८ गेजला १० अँपिअरचा फ्यूज दिला जातो, आणि फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. बॅटरी शेपटीकडे असेल तर स्टार्टरसाठी २ गेजची जाड केबल घ्यावी. २०० अँपिअर खेचणाऱ्या स्टार्टरपुढे प्रत्येक मिलिओहम ०.२ व्होल्ट हिरावून घेतो.

लग बसवण्यासाठी खटका असलेले चांगले क्रिंपिंगचे हत्यार घ्यावे आणि प्रत्येक लग दाबल्यावर हाताने जोरात ओढून पाहावा. मी सुरुवातीला प्रत्येक आकाराचे पाच लग केवळ सरावासाठी दाबून, करवतीने आडवे कापून भिंगाखाली पाहिले होते. नीट दाबलेल्या लगमध्ये तारेच्या बटा एकमेकींत रुतून जवळजवळ सलग धातू दिसतो. अर्धवट दाबलेल्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या फटी दिसतात. त्या फटी पाहिल्यावर पुन्हा कोणाला सांगावे लागत नाही. डाख देण्याने वायर ताठ होते आणि कंपनाने डाख संपतो त्या रेषेवर तुटते, म्हणून डाख दिलाच तर वायरला लगेच आधार द्यावा.

मुख्य कॉन्टॅक्टर आणि स्टार्टरचा कॉन्टॅक्टर यांच्या कॉइलवर उलट दिशेने एकेक डायोड लावावा. कॉइल बंद होताना उसळणारा दाब तो गिळतो. नाही तर स्विचची टोके जळतात.

पायरी ५ : ऑडिओच्या वायर

मायक्रोफोन आणि हेडफोन यांच्या वायर पीळ दिलेल्या आणि जाळीच्या आवरणाच्या असाव्यात, आणि जाळी फक्त इंटरकॉमच्या बाजूला जोडावी. जाळी दोन्ही टोकांना जोडली तर तिच्यातूनच परतीचा प्रवाह वाहू लागतो. जाळीने विद्युत क्षेत्र अडते, चुंबकीय नाही. चुंबकीय क्षेत्रावर पीळ हाच उतारा आहे. अल्टरनेटरची जाड वायर आणि ऑडिओच्या वायर एका गठ्ठ्यात कधीही बांधू नयेत. एकमेकांना ओलांडावे लागले तर काटकोनात ओलांडाव्यात.

हेडसेटचे जॅक धातूच्या पॅनेलला किंवा कडेच्या पत्र्याला स्पर्श करता कामा नयेत. त्यासाठी खांदा असलेले नायलॉनचे वॉशर मिळतात. एक पुढून, एक मागून. ही पैशांत मोजण्याइतकी स्वस्त वस्तू आहे, आणि हिच्यापायी वाया गेलेले तीन शनिवार मी पुढे सांगणार आहे.

पायरी ६ : अँटेना

विमानाचा आवाजी रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आणि आयाम-परिवर्तन (एएम) पद्धतीने चालतो. त्यामुळे ठिणगीची कडकड त्यात थेट ऐकू येते. पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे ५९ सेंटिमीटरचा असतो, आणि त्याला खाली धातूचे अंगण लागते. पत्र्याच्या विमानात ते आपसूक मिळते, फक्त अँटेनाच्या बैठकीखालचा रंग खरवडायला हवा. फायबरग्लासच्या विमानात तांब्याच्या पट्ट्या आतून चिकटवून ते तयार करावे लागते, किंवा तांब्याच्या पट्टीचा द्विध्रुव अँटेना शेपटीच्या पोटात ठेवता येतो. अँटेनाची समाक्ष (कोअ‍ॅक्सिअल) केबल आरजी-४०० घ्यावी. तिची जाळी दुहेरी असते. ऑडिओच्या उलट, या केबलची जाळी दोन्ही टोकांना जोडलेलीच हवी.

बोलण्याचे बटण दाबताच ऑइल प्रेशरचा आकडा उडी मारत असेल किंवा स्वतःचा आवाज कानात किंचाळत असेल, तर अँटेनाची ऊर्जा केबिनमध्ये परत येत आहे असे समजावे, आणि आधी अँटेनाच्या केबलच्या टोकांवरील बीएनसी जोडण्या तपासाव्यात. जीपीएस मधूनच उपग्रह गमावत असेल, तर त्याची खरडपट्टी काढण्यापूर्वी एक चाचणी करावी : मार्गिका मोकळी असल्याची खात्री करून १३१.२७५ मेगाहर्ट्झवर काही सेकंद बटण दाबावे. या आकड्याची बारा पट १५७५.३ होते, आणि जीपीएसची वारंवारता १५७५.४२ आहे. उपग्रह दिसेनासे झाले तर दोन अँटेनांमधले अंतर वाढवावे.

पायरी ७ : पहिल्यांदा वीज सोडताना मोजमाप

मल्टिमीटर घेऊन चार आकडे वहीत लिहावेत. विश्रांतीतील भरलेली बॅटरी : १२.७ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू, चार्जिंग सुरू : साधारण १३.८ ते १४.५; १३.० च्या खाली गेला तर बॅटरीच घर चालवत आहे, आणि त्यासाठी पॅनेलवर डोळ्यांत भरेल असा लाल दिवा असायलाच हवा. तिसरा आकडा बॅटरीच्या ऋण खांबापासून इंजिनाच्या केसिंगपर्यंतचा, स्टार्टर फिरत असताना : ०.२ व्होल्टहून फार अधिक नसावा. हे मोजताना मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे, बॅटरीविना चालणारे यंत्र) बंद, इंधन बंद, कॉकपिटमध्ये दुसरा माणूस आणि मीटर धरणारा प्रोपेलरच्या चक्राबाहेर, यात सवलत नाही. चौथा आकडा मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या खांबांवर घ्यावा. निरोगी अल्टरनेटर तिथे दशांश व्होल्टच्या आसपास दाखवतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोडवर संशय घ्यावा.

पायरी ८ : आवाजाचा माग काढावा

आवाज ऐकू आला की बाजारातून फिल्टर आणण्याची उबळ येते. ती आवरून कान आणि स्विच यांच्या मदतीने माग काढावा. प्रत्येक आवाजाला उगम, वाट आणि बळी असे तिघे असतात. वाट सापडली की उरलेले दोघे सापडतात.

इंजिन बंद ठेवून फक्त बॅटरीवर एकेक उपकरण चालू करावे. स्ट्रोबचा पुरवठा प्रत्येक चमकेपूर्वी चढत जाणारा सूर देतो. एलईडी दिव्यांचे आणि यूएसबी चार्जरचे वेगाने उघडझाप करणारे मंडल सूर देत नाही, तर फुसफुस वाढवते आणि रेडिओचे स्क्वेल्च (संदेश नसताना खरखर दाबून ठेवणारे मंडल) आपोआप उघडते. असा चार्जर पकडायला हातातला रेडिओ स्क्वेल्च उघडून वायरजवळून फिरवावा. जिथे फुसफुस वाढते तिथे तो असतो.

मग इंजिन चालू करावे. फील्डचा स्विच क्षणभर बंद केला आणि शीळ गेली, तर उगम अल्टरनेटर. सूर न बदलता टिकटिक येत असेल आणि ती फेऱ्यांबरोबर दाट होत असेल, तर मॅग्नेटो. चार सिलिंडरच्या इंजिनात २४०० फेऱ्यांना एक मॅग्नेटो सेकंदाला ८० ठिणग्या देतो. जमिनीवर नेहमीच्या तपासणीत एकेक मॅग्नेटो बंद केला की कोणता दोषी ते कळते. उपाय म्हणजे पी-लीडची (मॅग्नेटो बंद करणाऱ्या स्विचकडे जाणारी) वायर जाळीची असणे आणि जाळी मॅग्नेटोच्या अंगावर जोडून तीच स्विचची परतीची वाट म्हणून वापरणे. स्विचच्या बाजूला ती विमानाच्या अंगाला लावू नये. येथे एक इशारा : पी-लीड तुटली की स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. तिच्यावर काम केल्यानंतर प्रोपेलर केव्हाही फिरेल असे समजूनच वागावे.

पुढे रेडिओच्या मागची अँटेनाची केबल काढून फक्त ऐकावे. केबल काढलेली असताना बोलण्याचे बटण दाबू नये, रेडिओ जळू शकतो. आवाज गेला तर तो हवेतून येत होता, राहिला तर वायरींतून. शेवटी रेडिओच्या आवाजाची खुंटी शून्यावर न्यावी. ही कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

मूळच्या सांगलीच्या एका मित्राच्या धातूच्या विमानात अशीच शीळ होती. आम्ही अल्टरनेटरच्या वायरवर फिल्टर लावला, इंजिनाची विणलेली पट्टी बदलली, रेडिओची ऋण वायर नव्याने ओढली; दोन शनिवार गेले आणि शीळ जशीच्या तशी राहिली. तिसऱ्या शनिवारी इंजिन चालू असताना तो कॉकपिटमधून म्हणाला, “अरे, आवाज पार शून्यावर नेलाय, तरी शीळ येतेच आहे.” त्या एका वाक्याने वाट दाखवली. खुंटी शून्यावर असताना येणारा आवाज रेडिओतून येऊच शकत नाही. तो खुंटीच्या पुढे, म्हणजे इंटरकॉमपासून कानापर्यंतच्या वाटेत शिरतो. इंजिन बंद केले. जॅक आणि पत्रा यांच्यामध्ये मीटर लावून काही कळत नाही, कारण इंटरकॉममार्फत ते दोघे एरवीही जोडलेलेच असतात. म्हणून इंटरकॉमची जोडणी काढली आणि मग मोजले. उजव्या आसनाच्या हेडफोनच्या जॅकवर मीटरने ०.३ ओहम दाखवला, जिथे काहीच दिसायला नको होते. जॅक सोडवला तेव्हा मागचा नायलॉनचा वॉशर चंद्रकोरीसारखा अर्धाच हातात आला. उरलेला अर्धा कडेच्या पत्र्यामागे पडला होता आणि जॅकची कड पत्र्याला टेकली होती. नवा वॉशर घातला, शीळ गेली. आधी लावलेला फिल्टर आम्ही काढून टाकला, आणि काहीच फरक पडला नाही.

कधी कधी वाट एवढी स्पष्ट दिसत नाही. तेव्हा इंटरकॉम विमानाच्या पुरवठ्यापासून पूर्ण सोडवून, धन आणि ऋण दोन्ही वायरींसह, एका वेगळ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज नाहीसा झाला तर तो पुरवठ्याच्या वायरींतून येत होता. राहिला तर जॅक, ऑडिओच्या वायर किंवा त्यांच्या शेजारी बांधलेला एखादा आडदांड गठ्ठा तपासावा.

पायरी ९ : फिल्टर, लागलाच तर

वरील सर्व करूनही पुरवठ्याच्या वाटेने लहर येत असेल, तर फिल्टर बळीच्या दारात लावावा. इंटरकॉम अर्धा अँपिअरही घेत नाही; त्याच्या धन वायरवर एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर पुरतात. अल्टरनेटरच्या ४० अँपिअरच्या वायरवर जाड कॉइल बसवणे म्हणजे चार्जिंगच्या मुख्य वाटेवर तापणारा, सैल होऊ शकणारा आणखी एक सांधा वाढवणे. तिथे फार तर अल्टरनेटरच्या टोकावर अंग ऋण बाजूला जोडलेला कपॅसिटर असावा.

पायरी १० : घर्षणाची वीज

पाऊस, कोरडे भुरभुरते हिम किंवा धूळ यांतून उडताना विमानाच्या अंगावर स्थिर वीज साठते आणि रेडिओत सलग चरचर उमटते. स्वच्छ हवेत दिवसा उडणाऱ्या संथ विमानांना हा त्रास क्वचितच होतो. तरीही एलेरॉन, फ्लॅप आणि रडर या पंख-शेपटीवरील हलत्या भागांच्या बिजागऱ्यांवरून विणलेल्या लवचिक पट्ट्या घालून ते मुख्य अंगाशी जोडावेत. ग्रीस भरलेल्या बिजागरीवर वीज वाहून नेण्याचे काम सोपवू नये.

दरवर्षीच्या तपासणीत पायरी ७ मधील चारही आकडे त्याच वहीत, मागच्या वर्षीच्या आकड्यांखाली लिहावेत. इंजिनाच्या पट्टीच्या टोकाशी तुटलेल्या बटा, रेग्युलेटरच्या जोडणीवरचे तपकिरी डाग आणि अल्टरनेटरच्या पट्ट्याचा ताण पाहावा, आणि हेडसेटचा प्रत्येक जॅक बोटांत धरून हलवून पाहावा.